बाबांनी खोडलेला शब्द

आमच्या घराण्याची सुरुवात कुंद्यापासून होते. कुंदा म्हणजे काळ्या जमिनीत हातभर खोल मुळी धरणारं गवत. एकदा वावरात शिरलं की माणसाची कंबर मोडल्याशिवाय निघत नाही. वणा नदीच्या काठी, आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, कुंद्यानं आणि पळसाच्या खुंटांनी भरलेली पडीत होती. माझ्या पणजोबांना ती मिळाली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. पणजोबा गावचे कोतवाल. मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची, आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वही काखेत मारून दर आठवड्याला ठाण्यात न्यायची. लिहिता-वाचता काही येत नव्हतं. वहीत दुसरे लिहीत, हे नुसते वाहत. त्या चाकरीपायी मालगुजारानं कधीतरी म्हटलं, घे बे, ती पडीत घे. पणजोबांनी घेतली आणि सात वर्षं खणली, असं आमच्यात सांगतात. आमच्या वस्तीत तोवर कोणाचंच स्वतःचं वावर नव्हतं.

हे मला तोंडपाठ आहे, कारण बाबांनी ते पाठ करून घेतलं. बाबा गावच्याच शाळेत मास्तर होते. उन्हाळ्यात वावरात पहिला वखर घालायच्या दिवशी ते आम्हा भावंडांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करायचे. आजोबांच्या काळी त्या दिवशी नारळ फुटे, वखराला शेंदूर लागे. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरली जाई. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बाबांनी हे सगळं बंद केलं. आईनं एकदा चोरून वखराला हळद लावली, तर बाबांनी काही न बोलता तांब्याभर पाणी आणून ती धुतली. नारळ नाही, शेंदूर नाही; फक्त नावं.

“पडीत कोणं फोडली?” बाबा विचारायचे.

आम्ही पणजोबांचं नाव ओरडायचो.

“मंग कोणं वाह्यली?”

आजोबांचं नाव.

“मंग?”

मग बाबांचं. आपल्याच बापाचं नाव एवढ्या मोठ्यानं घ्यायला मिळतं, म्हणून आम्हाला याच प्रश्नाची घाई असायची.

“आन् पणजोबाच्या आंधी?”

“आंधी काई नाई! आंधी दुसऱ्याचं वावर!”

मग गूळ आणि शेंगदाणे. या सगळ्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. तेव्हा ते मला खटकलं नाही, वर्गात पहिली येत होते तरी. आता खटकतं, पण आता कोणाला विचारू?

दुसरी एक गोष्ट बाबा दर वर्षी दीक्षेच्या दिवशी सांगायचे, आणि ती आम्हाला पडितीपेक्षाही आवडायची. दीक्षेनंतर वर्षभरातच त्यांना नोकरी लागली, आणि तीही ज्या शाळेच्या व्हरांड्यात बसून ते शिकले त्याच शाळेत. व्हरांड्यात का, तर आमच्या वस्तीच्या पोरांना आत बसवत नसत. पहिल्याच आठवड्यात कपाटाची किल्ली हातात आली. बाबांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, स्वतःचं नाव शोधलं, आणि त्यापुढे जातीच्या रकान्यात लिहिलेला शब्द खोडला. कसा खोडला? फूटपट्टी लावून चारी बाजूंनी चौकोन आखला आणि टाकानं तो काळा भरून काढला. वर सुंदर अक्षरात ‘बौद्ध’ लिहिलं. खाली सही, तारीख. “खालचं एक अक्षर कोणाले वाचता आलं, त मायं नाव बदलून टाका,” ते म्हणायचे आणि हवेत बोटानं चौकोन काढून दाखवायचे. आम्ही टाळ्या पिटायचो. मग त्यांनी वस्तीतल्या बाकीच्या पोरांचेही चौकोन भरले. शाई संपली म्हणून दौत दोनदा भरावी लागली, हा त्या गोष्टीचा शेवट.

मी तो शब्द इथे लिहिणार नाही. बाबांनी एकदा खोडला, मी परत कशाला लिहू? ज्याला कळायचं त्याला कळला.

आता गोष्ट सांगते ती परवा-परवाची. माझा धाकटा भाऊ गावात राहतो, तेच वावर करतो. मी लग्न होऊन पुलगावला आले, मास्तरीण म्हणून नोकरी केली, रिटायर झाले. भावाला एकच मुलगी. ही पोट्टी लहानपणापासून गोठ्यात पडून असायची. गाय व्याली की शाळेला दांडी. बारावी झाली, परीक्षा दिली, आणि नागपूरला गुरांच्या डॉक्टरकीला तिचा नंबर लागला. भावाचा फोन आला.

“ताई, आपली पोट्टी ढोर-डॉक्टर होऊन राह्यली!”

मी म्हटलं, “चला, आता तुझ्याही तब्येतीची सोय झाली.”

हसून झाल्यावर त्यानं खरं काम सांगितलं. राखीव जागेवर नंबर होता, तर जातीचं पडताळणी प्रमाणपत्र लागणार होतं. तीन महिन्यांत नाही दिलं, तर जागा जाणार. भाऊ दहावीच्या पुढे शिकला नाही, त्याला कधी ते लागलं नव्हतं. माझ्या काळी तहसीलच्या एका दाखल्यावर नोकरी लागे. माझ्या मुलाची पडताळणी त्याच्या बापाकडच्या कागदांवर झाली. म्हणजे आमच्या बाबांकडच्या बाजूनं हे काम पहिल्यांदाच निघत होतं. मी फुशारकीनं म्हटलं, “माझ्यावर सोड. जन्मभर दाखले लिहिले मी.”

कागद कोणता लागतो तेही मला ठाऊक होतं. स्वातंत्र्यानंतर जी जुनी तारीख सरकारनं धरली आहे, तिच्या आधीचा, बापाकडच्या पूर्वजाची जात लिहिलेला कुठलाही सरकारी कागद. बाबा त्या तारखेच्या कितीतरी आधी शाळेत गेलेले. म्हणजे झालंच काम! मी गावी गेले, शाळेत गेले. मुख्याध्यापिका माझ्याहून तीस वर्षांनी लहान. गुरुजींची मुलगी म्हणून तिनं खुर्ची पुसून दिली. कपाटातून रजिस्टर काढलं. पान उलटता उलटता मला तो चौकोन दिसला.

अगबाई! खरंच फूटपट्टी लावली होती. इतक्या वर्षांनंतरही शाई काळीकुळकुळीत. वर ते वळणदार अक्षर, खाली सही. मी त्यावर बोट ठेवलं आणि माझे डोळे भरून आले. आनंदानं हो! त्या मुख्याध्यापिकेला मी सगळी गोष्ट सांगितली, हवेत चौकोन काढून दाखवला. तीही भारावली, नक्कल करून दिली, वर शिक्का मारला. माझ्यासारखी मूर्ख मीच. सगळी नोकरी रजिस्टरं लिहिण्यात गेली. वरच्या साहेबाच्या हुकमाशिवाय रजिस्टरात खाडाखोड केली की ती नोंद मातीमोल, हे मी शंभर पालकांना सुनावलं असेल. पण त्या दिवशी मला नोंद दिसलीच नाही, फक्त बाबांचा हात दिसला.

महिन्याभरात पत्र आलं. चौकशीवाले शाळेत जाऊन रजिस्टर बघून आले होते. ‘मूळ नोंदीत खाडाखोड आढळते, मूळ शब्द वाचता येत नाही, सबब सदर पुरावा ग्राह्य धरता येत नाही. खुलासा करावा.’ भावानं ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. भाची उंबऱ्यात उभी होती.

“आजोबांनी काऊन हात लावला त्या रजिस्टरले?” ती म्हणाली. “त्याइनं आपलं समाधान करून घेतलं, आन् भोगून मी राह्यली.”

“थोबाड फोडीन!” मी ओरडले. “व्हरांड्यात बसून शिकला तो माणूस. तू बसली होतीस का व्हरांड्यात?”

“मी कुठीच नाई बसत आता. वखर धरतो मी, बाबासंगं.”

ती आत निघून गेली. भावानं पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाला, “ताई, कुंदा वरून कापला त दुपटीनं येते. हे आपल्या बाबाले मालूम नोतं काय वो?” मला त्याचाही राग आला. खरं सांगायचं तर राग यासाठी आला की दोघंही खोटं बोलत नव्हते.

मग मी वस्तीत विचारायला निघाले. बाबांनी आमच्या एकट्याचाच तर चौकोन भरला नव्हता. बाकीच्यांच्या नातवंडांनी काय केलं असेल? शेवटच्या घरी एक म्हातारी राहते, बाबांच्या बरोबरीच्या माणसाची बायको. ऐंशी उलटली, पण तोंड अजून खणखणीत. जयभीम केला, चहा झाला, आणि मी विषय काढला. तिनं कपबशी बाजूला ठेवली.

“आमचं बी खोडलं होतं गुरुजीनं,” ती म्हणाली. “माया नातवाचं निभलं. माया सासरा हिंगणघाटच्या मिलमधी होता, तिथल्या जुन्या कागदावर जात सापडली. पण माया नातीच्या टाइमाले तो कागद मिळालाच नोता. तिची नर्सिंगची सीट गेली.”

“कधी?”

“गुरुजी जिते होते तवा.”

“मग बाबांना सांगितलं नाही कोणी?”

“कसं सांगाव बाई?” म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. “ज्या दिवशी सीट गेली त्याच दिवशी गुरुजी पेढे मागाले आलते. दारातून आवाज देऊन राह्यले, कुठी हाय आमची नर्सबाई म्हणून. म्या सांगतलं, पोरीले शिकाची इच्छा नाई गुरुजी, लग्न करतो म्हणते. तर तिले दोन गोष्टी सुनवून गेले. तिनं मान खाली घालून आयकून घेतल्या. अख्ख्या वस्तीले ठाव होतं, पण कोणंच शबुद काढला नाई. त्याइच्या जिवाले लागलं असतं.”

मी तिच्या घरून निघाले. बाबा तेव्हा पुलगावला माझ्या घरी येऊनही त्या पोरीला नावं ठेवत होते, ते मला आठवलं. शिकायचं नाही म्हणते, काय करावं या पिढीला, असं काहीसं. मीही मान डोलावली होती. ती पोरगी आता कुठे दिली आहे, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

उरले होते पाच आठवडे. मी पुलगावहून वर्ध्याला, तिथून हिंगणघाटला, अशा फेऱ्या सुरू केल्या. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या कागदांचे गठ्ठे लाल फडक्यात बांधून ठेवलेले असतात. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं पहिल्याच दिवशी जमिनीचा जुना कागद काढून दिला. नदीकाठचा गट, वाहणाऱ्याचं, म्हणजे कसणाऱ्याचं, नाव पणजोबांचं, आणि पुढे तो शब्द. पडीत फोडल्याची गोष्ट खरी होती! एवढी वर्षं आम्ही धुऱ्यावर ओरडत होतो, ते सरकारच्या कागदातही होतं. मला वाटलं, जिंकलो.

“बाई, याच्यानं काम नाई होत,” कारकून म्हणाला. “हे तुमचे पणजोबा कशावरून? यांचा पोरगा तोच तुमचा आजोबा, हे दाखवणारा कागद पाहिजे. मंग आजोबाचा पोरगा तुमचे वडील, ते शाळेच्या रजिस्टरात हाय, ते चालते. मधली कडी आणा.”

मधली कडी म्हणजे आजोबा. आजोबांनी कधी शाळा पाहिली नाही. जमीन त्यांच्या नावावर चढली ती उशिरा, त्या जुन्या तारखेनंतर, त्यामुळे तो कागद कामाचा नव्हता. धुऱ्यावर जी नावं एका दमात ओरडता येत होती, त्यातल्या दोघांना बाप-लेक ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. उरली ती कोतवालाची वही. जी वही पणजोबा काखेत मारून ठाण्यात नेत, त्याच वह्या आता तहसीलच्या या खोलीत गठ्ठ्यात होत्या. आजोबांच्या जन्माच्या सुमाराची वही मागितली. गठ्ठा सोडला तर कागद बोटाला चिकटून भुगा झाला. बाबांच्या जन्माच्या वर्षाची वही नव्हतीच. कारकुनानं मागणीच्या अर्जावर लिहून दिलं: ‘अभिलेख जीर्ण, नक्कल देता येत नाही.’ ज्या माणसानं अख्ख्या गावाचं जन्ममरण पायी वाहिलं, त्याच्याच घरचं एकही जन्मणं शिल्लक राहिलं नव्हतं. मी त्या टेबलाजवळ बसून रडले. कारकुनानं पंखा माझ्याकडे वळवला.

“मयताच्या वह्या पाह्यल्या काय?” त्यानं विचारलं.

आमच्या घरचं त्या काळात कोणी मेल्याचं मला माहीत नव्हतं. पणजोबा नंतर गेले, आजोबा तर माझ्या लग्नानंतर. तरी म्हटलं, काढा. तीन दिवस मी ओळीमागून ओळ वाचली. गावातली मेलेली माणसं एकेक करून डोळ्यांपुढून गेली: पटकी, ताप, साप, बाळंतपण. चौथ्या दिवशी, जेवणाची सुट्टी व्हायच्या थोडं आधी, आजोबांचं नाव दिसलं. बापाच्या रकान्यात. आजोबांचं नाव, वल्द, म्हणजे मुलगा, पणजोबांचा. पुढे जात: तो शब्द, स्वच्छ अक्षरात. मयताचं नाव: मुलगी. वय: आठ महिने. कारण: ताप. वर्दी देणार: कोतवाल. आणि खाली पणजोबांच्या अंगठ्याचा ठसा.

मी कारकुनाला हाक मारली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बाबांना बहीण होती. मला आत्या होती. आमच्या घरात हे कधी कोणी उच्चारलं नव्हतं. आजीनं नाही, आजोबांनी नाही. बाबा तेव्हा चार वर्षांचे असतील. त्यांनी तिला मांडीवर घेतलं असेल, की ते विसरून गेले असतील? आणि पणजोबा स्वतःच्या नातीची वर्दी द्यायला नेहमीसारखीच वही काखेत मारून ठाण्यापर्यंत चालत गेले. तिथे कोणीतरी विचारलं असेल, नाव काय. त्यांनी नाव सांगितलं नाही, किंवा लिहिणाऱ्यानं लिहिलं नाही. पण तिच्याच मरणानं आमचे पणजोबा, आजोबा आणि तो शब्द एका ओळीत आले होते. दुसरं कोणी ते काम करू शकलं नसतं.

नक्कल मिळाली. भावाला फोन केला, तो “बरं झालं, बरं झालं” म्हणत राहिला आणि मग म्हणाला, “ताई, बरं झालं असं म्हणू नये ना?” मी फोन ठेवून दिला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्या पत्रात खुलासा मागितला होता, खाडाखोडीचा. शाळेच्या रजिस्टराशिवाय आजोबा आणि बाबा जोडले जात नव्हते, आणि रजिस्टरात तो काळा चौकोन होता. तो कोणी, का काढला, याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. आणि ते त्या अक्षराला ओळखणाऱ्यानं द्यायचं होतं. भावाचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. त्यानं बाबांचं अक्षर ओळखलं काय, नाही काय. माझं अक्षर मात्र बाबांनी छडी घेऊन घडवलेलं. तर मीच.

तहसीलसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्ज लिहून देणारा एक जण बसतो. त्याच्याकडे सगळे मजकूर तयार असतात. त्यानं माहिती विचारली आणि कॉम्प्युटरवर खटखट करून पान पुढे केलं. मी चष्मा लावून वाचलं. ‘माझे वडील अल्पशिक्षित असल्याने त्यांनी अज्ञानापोटी सदर नोंदीत खाडाखोड केली.’

“माझे वडील मास्तर होते,” मी म्हटलं.

“बरं, अल्पशिक्षित काढतो.” त्यानं काढलं.

“अज्ञानापोटीही काढा.”

“मंग काय लिहू?”

“जाणूनबुजून लिहा. समजून-उमजून लिहा. त्यांनी सही केली आहे खाली, तारीख टाकली आहे. अज्ञानी माणूस सही करतो का?”

तो माझ्याकडे बघून हसला, वाईट नाही, दमल्यासारखा. “बाई, हप्त्यात दोन-चार असे मजकूर येतात मायाकडं. सगळ्याइचे आजोबा समजून-उमजूनच खोडून गेले. पण सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून हात घातला असं लिहिलं, त तो गुन्हा होते. समिती कागद बाजूले ठेवते. पोरीची मुदत कवापर्यंत हाय?”

“सोमवार.”

“मंग?”

भाऊ कडुनिंबाच्या बुंध्याकडे बघत उभा होता. भाची माझ्याजवळ आली. आम्ही त्या भांडणानंतर धड बोललो नव्हतो. तिनं पान माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि हळूच म्हणाली, “आत्या, नको करू सही. राहू दे. मी शिकीन काईतरी दुसरं.”

तिनं हे म्हटलं नसतं तर मी कदाचित आणखी भांडले असते. पण मला ती दुसरी पोरगी दिसली, म्हातारीची नात. बाबांचं बोलणं मान खाली घालून ऐकणारी. बाबांच्या जिवाला लागू नये म्हणून एक पोरगी आधीच गप्प बसली होती. मी म्हटलं, “आण पेन.”

आणि सही केली. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ माझी सही बाबांच्या सहीसारखी येते, शेवटची रेघ तशीच वर जाते. लोक पूर्वी कौतुक करायचे. त्या दिवशी ती सही बघून मला माझीच लाज वाटली. ज्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट अभिमानानं सांगितली, ती त्यानं अज्ञानापोटी केली असं त्याच्याच लेकीनं, त्याच्यासारखीच सही करून, शपथेवर लिहून दिलं. बाबा असते तर त्यांनी स्वतः सही केली असती का? मी पुष्कळ विचार केला. मला माहीत नाही. परतीच्या बसमध्ये भाऊ म्हणाला, “बाबाले राग नसता आला, ताई.” मी म्हटलं, “तू नको सांगू मला,” आणि ते दोघं गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रमाणपत्र आलं. भाची नागपूरला गेली. तिनं त्याच्या ढीगभर झेरॉक्स काढल्या आणि एक माझ्याकडे ठेवायला दिली, हरवलं तर असावी म्हणून. मधोमध तो शब्द छापलेला आहे, ठळक टायपात, वर सरकारी गोल शिक्का. माझ्या बैठकीत बाबांचा फोटो आहे. तो कागद मी तिथे उघडला नाही. आतल्या खोलीत नेऊन वाचला आणि गादीखाली ठेवला.

या उन्हाळ्यात भाची सुट्टीत घरी आली होती, तर भावानं पहिल्या वखरासाठी मलाही बोलावलं. आता ट्रॅक्टरनंच होतं सगळं, पण एक तास तरी तो जुना वखर धरतो, बैल शेजाऱ्याचे मागून आणतो. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. भाऊ साठीला आला, तरी बाबांसारखाच आवाज काढतो.

“पडीत कोणं फोडली?”

आम्ही पणजोबांचं नाव घेतलं.

“मंग कोणं वाह्यली?”

आजोबांचं घेतलं. भाचीनं मध्येच हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि म्हणाली, “आन् त्याइची एक पोरगी होती. आठ महिन्याची.” भावानं मान हलवली. तिचं नाव नव्हतं, म्हणून तेवढंच म्हटलं गेलं.

“मंग?” भावानं विचारलं.

लहानपणी मला याच प्रश्नाची घाई असायची. मी तोंड उघडलं. बाबांचं नाव जिभेवर होतं, पण ते काही केल्या बाहेर येईना. भाऊ थांबला, बैल थांबले. शेवटी ते भाचीनं घेतलं, एकटीनं, नदीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.